पण पाणी कुठून आणायचे?

गेल्या डिसेंबरात ऑफिसमधले सात-आठ जण वसईचा किल्ला बघायला आले होते. मी उमेळ्याचा, म्हणजे घरचाच माणूस, त्यामुळे गाइडचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला ते आवडतंही. दरवाजातून आत शिरल्या शिरल्या मी सुरू झालो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, दोनशे पाच वर्षं त्यांनी इथे राज्य केलं, १७३७ मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. मग माझा हुकमी एक्का. किल्ला पडेना तेव्हा अप्पा म्हणाले, मला तोफेच्या तोंडी बांधा, निदान माझं डोकं तरी किल्ल्यात पडू दे. या वाक्याआधी मी थोडं थांबतो आणि आवाज खाली आणतो. लहानपणापासून हे करत आलोय. नेहमी काम करतं. एकदाच उलटं पडलं होतं, ते पुढे सांगतो.

त्या दिवशीही मोठी माणसं 'वा' म्हणाली आणि फोटो काढायला पांगली. एका सहकाऱ्याची आठ वर्षांची मुलगी मात्र तिथेच उभी राहिली.

"काका, पण आतल्या लोकांनी पाणी कुठून आणायचं?"

"आत विहिरी होत्या ना."

"आणि विहिरीपाशीच गोळा पडला तर?"

मी म्हटलं, चल, तुला चर्च दाखवतो.

घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय आणि त्यात कुणाला एकदाही तहान लागलेली नाही. घाम नाही, वास नाही, पायाखाली माती नाही. तोफेचं ते वाक्य तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आख्यायिका आहे. तिच्यात वसईचं काय आहे? हेच वाक्य उचलून जंजिऱ्यावर नेऊन ठेवा, काहीही बिघडत नाही. कुठल्याही किल्ल्याला बसेल अशी ती फ्री साइझ टोपी आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला वसईत नाही, झाशीत मिळालं. आणि ते दिलं पेणजवळच्या वरसई गावच्या एका भिक्षुकाने.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' आपण सगळ्यांनी नावाने ऐकलेलं असतं. वाचलेलं नसतं. मी ते नायगाव ते अंधेरी लोकलमध्ये, फोनवर, उभ्याने वाचलं. घरात कर्ज झालेलं, मिळकत तुटपुंजी. अशात बातमी आली की बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे. म्हणून विष्णुभट काका रामभटांबरोबर १८५७ साली उत्तरेला निघाले. निघाले दक्षिणा मिळवायला आणि सापडले बंडात. पुढच्या वर्षी इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हे भटजी शहराच्या आत होते.

मार्च-एप्रिल १८५८ मधल्या त्या वेढ्यावर इतिहासकारांनी खूप लिहिलं आहे. ह्यू रोजने फौज कुठून आणली, तोफा कुठे मांडल्या, तात्या टोप्यांची कुमक कशी मागे हटली, सगळं मिळतं. गोडसे काय सांगतात? पाण्याचं सांगतात. ज्या ठिकाणी लोक पाणी भरायला येत, तिथेच शत्रूच्या तोफेचा मारा सुरू झाला. पाणी भरणारी माणसं मेली. लोक पाण्याकडे जाईनात, घराघरांत खोळंबा झाला. किल्ल्यावरच्या तोफेने ती शत्रूची तोफ बंद पाडली तेव्हा कुठे लोकांना पाणी मिळालं. हे वाचताना लोकलच्या गर्दीत मला ती मुलगी आठवली. 'आणि विहिरीपाशीच गोळा पडला तर?' आठ वर्षांच्या पोरीने जे विचारलं ते तिशीच्या भिक्षुकाने डोळ्यांनी पाहिलं होतं. दोघांचंही लक्ष एकाच ठिकाणी गेलं, आणि मी, इंजिनिअर माणूस, तोफेच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

शहर पडल्यावरची लूट ते कशी सांगतात तेही बघण्यासारखं आहे. 'भयंकर लूट झाली' असं म्हणून ते थांबत नाहीत, लुटीचा क्रम सांगतात. आधी सोनं-चांदी गेली. मग तांब्या-पितळेची भांडी. मग कपडे. मग धान्य. किंमतीप्रमाणे उतरत्या क्रमाने शहर रिकामं होत जातं. ज्याने घर चालवलंय त्यालाच कळेल की भांडी गेली तेव्हा काय गेलं आणि धान्य गेलं तेव्हा काय उरलं. या यादीत एकही विशेषण नाही. मला वाटतं 'माझा प्रवास' मधली ही सर्वांत भीतीदायक जागा असावी. त्यानंतर प्रेतं जाळण्याची वर्णनं येतात, रस्त्यारस्त्यात पेटलेल्या चिता येतात, पण तोपर्यंत वाचणारा आधीच गार झालेला असतो.

आणि मग ती विहीर. झाशी सोडून काल्पीच्या वाटेवर असताना भटजींना पुन्हा राणी दिसते. पुरुषी पोशाख, धुळीने माखलेली, तहानेने सुकलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती नको म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी काढू नका. स्वतः विहिरीतून पाणी काढते आणि ओंजळीने पिते. घोड्यावर स्वार, पाठीला मूल बांधलेली राणी आपण चौकाचौकात पाहतो. तो पुतळा आहे. विहिरीवरची ही बाई माणूस आहे, आणि ती तशी उरली कारण समोर उभ्या असलेल्या माणसाने तिची तहान पाहिली.

थोडी सावधगिरीही हवी. गोडसे जिथे स्वतः नव्हते तिथे ते सगळं ऐकीव सांगतात. कलकत्त्याला राजेरजवाड्यांपुढे इंग्रजांनी काय कलमं मांडली वगैरे भाग आला की त्यांची लेखणी माझ्यासारखीच गाइडगिरी करायला लागते. वाक्यं मोठी होतात, वास येणं बंद होतं. आमच्या कामात सिस्टिम कोसळली की दोन प्रकारचे कागद पुढे येतात. एक, वरिष्ठांसाठी लिहिलेला गुळगुळीत अहवाल आणि दुसरा, मशीनने त्या क्षणी टिपलेला लॉग. बिघाड शोधायचा तर लॉगच उघडावा लागतो. गोडसे भटजींच्या पुस्तकात हे दोन्ही आहेत आणि कुठलं पान कशातलं आहे ते नाकाने ओळखता येतं.

खरं तर तो लॉगही ताजा नव्हता. त्यांनी हे सगळं घडल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहून काढलं. पुस्तक छापलं गेलं ते १९०७ साली, तेव्हा भटजी हयात नव्हते. वैद्यांनी छापताना भाषा आणि मांडणी बरीच बदलली होती. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती यायला १९६६ उजाडलं. तारखा विसरल्या असतील, आकडे फुगले असतील. तहान मात्र पंचवीस वर्षांत विरली नाही. असं सगळीकडेच होतं. १६६६ साली लंडन जळत होतं तेव्हा सॅम्युएल पीप्स नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने अंगणात खड्डा खणून दारू आणि परमेसान चीज पुरलं, आणि ते रोजनिशीत लिहूनही ठेवलं. त्या आगीबद्दल आज सामान्य वाचकाला एखादी गोष्ट आठवत असेल तर ते चीज.

तर मग मी ठरवलं की वसई पुन्हा बघायची. डिसेंबरात नाही. वेढ्याचा खरा जोर फेब्रुवारी ते मे होता, म्हणून मे महिन्यात, दुपारी बारा वाजता.

हा प्रयोग करून बघा. उमेळ्याहून किल्ला सरळ रेषेत चार-पाच किलोमीटर. मी स्कूटर अलीकडे लावली आणि उरलेलं चालत गेलो. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. इथला घाम वाळत नाही, हवेतच इतकं पाणी असतं. ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागतं आणि ते मीठ आपलं की समुद्राचं हे कळत नाही. देशावरून, घाटावरच्या कोरड्या उन्हातून आलेल्या शिपायाला हे काय वाटलं असेल? किल्लाबंदर-पाचूबंदरच्या बाजूने वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. आम्हाला त्या वासाने भूक लागते. माझ्या एका पुणेकर मित्राला मळमळतं. त्या फौजेत दोन्ही प्रकारची माणसं असणार.

किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आणि खाडी आहे. ओहोटी लागल्यावर मी खाडीच्या कडेला उतरलो, तिवरांच्या जवळ. चौथ्या पावलाला पाय पोटरीपर्यंत आत गेला. चप्पल वर आली नाही, हाताने उपसून काढावी लागली. नकाशावर खाडी निळी दिसते आणि पाठ्यपुस्तकात 'तीन बाजूंनी पाणी' एवढंच येतं. ते पाणी दिवसातून दोनदा निघून जातं आणि मागे हा चिखल ठेवतं, हे कुणी सांगत नाही. या चिखलातून हत्यार घेऊन धावता येत नाही. नीट शिव्याही देता येत नाहीत, सगळं लक्ष पायाकडे असतं. म्हणून मराठ्यांना यायचं तर उत्तरेच्या जमिनीच्या बाजूनेच यावं लागलं, आणि म्हणून सगळी आग तिथल्या तटावर, सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या आसपास एकवटली. एवढा साधा मुद्दा मला चप्पल गमावता गमावता कळला.

तिथे मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. खणले, हा शब्द मी शंभरदा उच्चारला असेल. आमच्या गल्लीत एका बिल्डिंगचा पाया खणत होते तेव्हा चार-पाच फुटांवरच पाणी लागलं होतं आणि पंप रात्रंदिवस धडधडत होता. झोप लागायची नाही म्हणून मी चिडलो होतो. आता वाटतं, त्या पंपाने मला सुरुंग शिकवला. खाली वाळू, वाळूखाली पाणी, वरून गोळ्या आणि जळते पदार्थ, आणि आपण अंधारात गुडघ्यावर बसून माती मागे सारतोय, कारण पुढे कोरडी दारू ठासायची आहे. ती कोरडी राहिली पाहिजे. १७३९ च्या मे महिन्यात हे सुरुंग उडवले तेव्हा सगळे एकदम उडाले नाहीत. तटाला खिंडार पडलं, मराठे आत घुसायला धावले आणि मागून उडालेल्या सुरुंगाने त्यांचीच माणसं घेतली. उशीर ओलीमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यात उमेळ्याच्या घरात काडेपेटी दमट होते, हे मला माहीत आहे.

अजून एक गोष्ट कॅलेंडरवर असते आणि आकाशात दिसते. मेच्या मध्यावर इथे पश्चिमेकडून ढग यायला लागतात. दुपारी वारा फिरतो. मिठागरातली माणसं मीठ झाकायच्या घाईला लागतात. बाहेरच्या फौजेला दिसत असणार की आपल्याकडे तीन-चार आठवडे उरलेत. एकदा पाऊस लागला की खंदक भरणार, दारू भिजणार, दोन वर्षांची मोहीम वाहून जाणार. आणि आत कोंडलेल्या लोकांनाही तेच ढग दिसत असणार. एकाच ढगाकडे दोन्ही बाजू बघतायत, एक धास्तीने आणि एक आशेने. तोफेच्या तोंडी डोकं बांधण्यापेक्षा मला आता हे जास्त थरारक वाटतं.

आतल्या लोकांचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला तो याच दुपारी. त्यांच्याकडे पैसा संपला होता. मुंबईच्या इंग्रजांकडून कर्ज काढायला चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवाव्या लागल्या. म्हणजे वेढा चालू असताना कुणीतरी वेदीवरची चांदीची भांडी मोजली, कापडात गुंडाळली आणि होडीत चढवली. गोडसे तिथे असते तर त्यांनी सांगितलं असतं की आधी काय गेलं आणि मग काय गेलं.

आता ते उलट पडलेलं सांगतो. सहावीत असताना वर्गात वसईच्या मोहिमेचा विषय निघाला होता. मी उभा राहून तोफेचं वाक्य म्हटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बसता बसता मी शेजारच्या मित्राला, जो ख्रिस्ती होता, म्हटलं, "तुमचा किल्ला आम्ही घेतला." तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या बाकावर गेला. त्याच्या डब्यातला बोंबलाचा वास मला माझ्या बाकावर येत होता. आठवडाभर असं चाललं, मग क्रिकेटमुळे मिटलं. मी विसरलो. तो विसरला नव्हता.

मेमधल्या त्या फेरीनंतर मी त्याला फोन केला. चिखल, पंप, ढग सगळं सांगितलं आणि शेवटी सहावीतलंही काढलं. तो हसला. म्हणाला, "अरे, आमचे कोण किल्ल्यात होते? आत राहायचे ते साहेब लोक. आमचे वाडीत रहाट चालवत असणार. वेढा पडला म्हणून केळीला पाणी चुकतं का?"

पाण्याचं उत्तर मला इतक्या दिवसांनी मिळालं. किल्ल्याच्या आतलं नाही, बाहेरचं. दोन फौजांच्या मधल्या सगळ्या गावांत माणसं रहाट चालवत होती, मीठ झाकत होती, जाळी विणत होती. त्यांच्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते. पोर्तुगीज अमलात देवळं पडली, उघडपणे सणवार करणं अवघड झालं, आणि त्यामुळेच अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं या मोहिमेसाठी धडपडत होती, हे झाकायचं काही कारण नाही. तसंच, शरणागतीच्या तहात पोर्तुगीजांना मानाने निघून जाऊ दिलं गेलं आणि ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवली गेली, हेही झाकायचं कारण नाही. 'आम्ही' आणि 'तुम्ही' हे शब्द मी सहावीत वापरले कारण माझ्या गोष्टीत फक्त तट आणि तोफ होती. तट आला की आत-बाहेर येतंच. रहाट असता तर मला ते वाक्य सुचलं नसतं.

यंदा पावसाळा संपल्यावर आम्ही दोघं वाईला गेलो. कारण मीच काढलं होतं, घंटा. वसईच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन गेले आणि त्या देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा अशीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला एक आहे. आणि एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर. 'स्वदेस' ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो घाट पाहिलाय.

सकाळची वेळ होती. पायऱ्या ओल्या, शेवाळाने निसरड्या. खाली दोन बायका कपडे धूत होत्या, धोक्याचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत येत होता. घंटा दगडी मंडपात टांगलेली आहे. आपल्या देवळातल्या घंटेपेक्षा कितीतरी मोठी, जाड कडांची. देवळातली घंटा आपण आत जाताना वाजवतो, देवाला कळावं म्हणून. ही दुसऱ्या कामासाठी ओतलेली, दिवसातून तीन वेळा, शेतात वाकलेल्या माणसाला दुरून ऐकू यावी म्हणून. अंगावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया. कुणीतरी तिला हळद-कुंकू लावलं होतं.

मित्र बराच वेळ मारियाकडे बघत होता. मग त्याने तळहात घंटेवर टेकवला.

"गार आहे," तो म्हणाला.

मीही हात लावला. दव पडलं होतं, बोटं ओली झाली. त्याने मधल्या बोटाचं हाड हळूच आपटलं, दारावर टकटक करतात तसं. आवाज कानाला फारसा आला नाही, पण माझ्या तळहाताखाली धातू खूप वेळ थरथरत राहिला. खाली कपडे धुणारी एक बाई मान वर करून आमच्याकडे बघायला लागली. मित्राने पटकन हात काढून घेतला.

"जोरात वाजवा की," ती खालून ओरडली. "काही होत नाही."